गाडी गरम होते? आधी ‘कधी’ ते सांगा

वाईत माझं गॅरेज आहे. पुण्याकडून येणारी गाडी खंबाटकी चढते, सुरूर फाट्याला वळते आणि वाई ओलांडली की लगेच पसरणीचा घाट सुरू. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे दुसरं काम कमी आणि तापलेल्या गाड्या जास्त. गिऱ्हाईक आल्या आल्या सांगतं, “गाडी गरम होते.” एवढ्यावरून काहीच कळत नाही. सिग्नलला होते, चढाला होते, की चालू केल्या केल्या होते, हे कळलं तर बोनेट उघडायच्या आधीच अर्धा शोध संपतो. हे न विचारता थेट रेडिएटर बदलायला काढणारे बरेच भेटतात. नवा रेडिएटर बसतो, बिल होतं आणि पुढच्या रविवारी गाडी त्याच वळणावर वाफ सोडत उभी असते.

लक्षणं: तापमानाची सुई कधी चढते?

*ट्रॅफिकमध्ये चढते, गाडी पळायला लागली की उतरते.* संशय फॅनवर. साठ-सत्तरच्या वेगाला समोरून येणारा वारा रेडिएटरला पुरतो, फॅनची गरज पडत नाही. उभ्या गाडीला वारा देणारा फक्त फॅन. याच दुखण्याची एक आगाऊ खूण असते: सिग्नलला एसी कोमट हवा टाकतो आणि गाडी चालू लागली की पुन्हा गार. एसीचा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढेच असतो आणि बहुतेक गाड्यांत दोघांना वारा घालणारे फॅन एकच. पुष्कळ लोक एसीत गॅस भरून घेतात आणि महिन्याभराने गाडी तापली म्हणून येतात.

*गावात ठीक, चढाला किंवा नव्वदच्या पुढे चढते.* फॅन बहुधा बरा आहे. पाणी कमी, रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोक, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाण्याला रेडिएटरची वाट उघडणारी झडप) पूर्ण उघडत नाही, नाहीतर वॉटर पंप दमलाय.

*थंड गाडी चालू केली आणि पाच-दहा मिनिटांत लाल.* पाणीच नाही, थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, किंवा हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यातलं सील) गेलंय.

*सुई झोके घेते, वर जाते, एकदम खाली येते.* पाणी कमी आहे आणि आत हवा अडकली आहे.

*रेडिएटरला जोडलेली पाण्याची बाटली भरलेली, रेडिएटर मात्र रिकामा.* कॅप, म्हणजे रेडिएटरचं झाकण. हे लक्षण इतकं सरळ असूनही सगळ्यात जास्त नजरेतून सुटतं, कारण लोक बाटली बघतात आणि ‘पाणी आहे’ म्हणून बोनेट बंद करतात.

*पाणी रोज कमी होतं, खाली थेंब नाही.* यावर पुढे बोलू.

*सुई वर येतच नाही, किंवा डॅशबोर्डवरचा निळा दिवा कितीतरी वेळ जात नाही.* हीसुद्धा बिघाडाचीच खूण. थर्मोस्टॅट उघडा राहिलाय, किंवा कोणीतरी तो काढून फेकलाय.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत सुई नसतेच. इंजिन थंड असताना निळा दिवा, अति तापलं की लाल, मधलं काही कळत नाही. सुई असली तरी तिच्यावर फार विसंबू नका. पुष्कळ कंपन्या ती अशी बसवतात की आतलं तापमान दहा-वीस अंशांनी हललं तरी ती मध्यावरून हलत नाही आणि हलते तेव्हा उशीर झालेला असतो. गेल्या दहाएक वर्षांतल्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायचं, सॉकेट असतं. त्यात लावायचं ब्लूटूथचं साधं यंत्र हजाराच्या आत मिळतं आणि मोबाइलवर कूलंटचा, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या पाण्याचा, खरा आकडा दिसतो. साधारण ८५ ते १०० अंशांत फिरत असेल तर निवांत राहा. ११०च्या पुढे जाऊन उतरत नसेल तर गाडी बाजूला घ्या.

घाटातच तापली तर

आधी एसी बंद. हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर पूर्ण जोरात. मे महिन्यात हे ऐकून घरची मंडळी चिडतात, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो आत खेचतो. शिवाय त्यातून एक निदान फुकट होतं: इंजिन तापलेलं असून हीटरमधून गार हवा येत असेल तर त्याच्यापर्यंत पाणी पोचत नाहीये, म्हणजे पाणी संपलंय, हवा अडकली आहे किंवा पंप फिरवत नाहीये. तेव्हा गाडी लगेच बंद करा.

वाफ येत असेल किंवा लाल दिवा जात नसेल तरीही इंजिन बंद करून थांबा. “अजून दोनच वळणं राहिलीत” या दोन वळणांनीच हेड वाकतात. नुसतीच सुई जरा वर असेल, वाफ नसेल, तर न्यूट्रलमध्ये मिनिटभर चालू ठेवून बघा. उतरत असेल तर फॅन आणि पंप त्यांचं काम करताहेत.

पाऊण तास तरी झाकणाला हात लावू नका. आतलं पाणी शंभराच्या वर असतं आणि केवळ दाबामुळे उकळत नसतं. झाकण सैल केलं की दाब जातो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. असे भाजलेले हात मी पाहिले आहेत. वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारी रबरी नळी) हाताने दाबून बघा. कडक लागत असेल तर दाब अजून आहे. आणि तापलेल्या इंजिनात किंवा वरून गार पाणी ओतू नका, हेडला तडा जाऊ शकतो. थंड झाल्यावर, इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं घाला.

चढाला गाडी वरच्या गिअरमध्ये रेटू नका. एक गिअर खाली टाका. पंप इंजिनच्या फेऱ्यांवर फिरतो. फेरे वाढले की पाणीही जोरात फिरतं.

तपासण्या, फुकटातल्यापासून सुरुवात

*पाण्याची पातळी.* सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना. बाटलीवर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’च्या खुणा असतात. रेडिएटरला स्वतःचं झाकण असेल तर ते उघडून आत बघा, पाणी तोंडापर्यंत दिसलं पाहिजे. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं, दाबाचं झाकण टाकीवरच असतं. तिथे टाकीची पातळी हीच खरी पातळी.

पाणी बघताना त्याचा रंगही बघा. तांबूस, गढूळ असेल तर आत गंज सुटलाय. वर तेलाचा तवंग असेल तर इथेच थांबा आणि शेवटचा भाग वाचा.

कमी असेल तर काय घालायचं? बोअरचं पाणी घालू नका. आमच्याकडे निम्म्या रेडिएटरांत बोअरचं पाणीच निघतं. त्यातले क्षार गरम भागावर जमतात, रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतात आणि दोन-तीन उन्हाळ्यांत नळ्या अर्ध्या बुजतात. चहाच्या पातेल्याला आतून पांढरा थर येतो ना, तसाच. अडचणीत असाल तर बिसलरीची बाटली चालेल, पोचायला काही तरी हवंच; पण नंतर नीट कूलंट भरा. कायमचं घालायचं तर बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट.

कूलंटबद्दल दोन गोष्टी, कारण दुकानात कोणी सांगत नाही. एक, डब्यावर ‘रेडी टू यूज’ लिहिलंय की ‘कॉन्सन्ट्रेट’ ते वाचा. रेडी टू यूजमध्ये पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट तसंच ओतायचं नाही, साधारण निम्मं पाणी मिसळायचं. ‘जास्त घट्ट, जास्त थंड’ हा समज उलटा आहे, कूलंटमधलं मूळ द्रव्य ग्लायकॉल, ते नुसतं असलं तर पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेतं. दोन, हिरवं-गुलाबी-निळं यावर जाऊ नका, रंग कंपनी ठरवते. गाडीच्या पुस्तकात कोणत्या प्रकारचं सांगितलंय ते बघा. वेगवेगळ्या प्रकारांची मिसळ झाली की कधी कधी जेलीसारखा गाळ तयार होतो आणि तो रेडिएटरमधून काढणं म्हणजे दिवसभराचं काम.

“आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, कूलंट कशाला?” असं बरेच काका विचारतात. बर्फासाठी नाहीच. आपल्याला ते गंजासाठी आणि उकळी लांबवण्यासाठी हवं. नुसत्या पाण्यावर वर्षानुवर्षं चाललेल्या गाडीचे ब्लॉकमधले वेल्च प्लग (ब्लॉकच्या भोकांवर बसवलेली पत्र्याची बुचं) आतून गंजून भोकं पडलेले मी नेहमी बघतो. प्लगची किंमत चहा-वड्याची, पण तो कधी कधी अशा जागी असतो की गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

*समोरची जाळी.* टॉर्च घेऊन ग्रिलमधून आत बघा. काटेसावरीचा कापूस, चिलटं, गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून आल्यावर पाचट. पुढून स्वच्छ दिसलं म्हणून फसू नका. खरा कचरा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत बसतो, तिथे टॉर्च तिरका धरावा लागतो. धुताना साध्या नळाच्या धारेने, इंजिनाच्या बाजूने बाहेर. सर्व्हिसिंगचा प्रेशर गन जवळून मारला की पातळ पत्र्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते. ग्रिलपुढे नंबरप्लेटची मोठी फ्रेम, जाळी, जादा दिवे लावले असतील तर एकदा काढून घाट चढून बघा.

*ओलं कुठे आहे?* रात्री गाडीखाली पुठ्ठा टाका. सकाळी डाग कुठे पडला यावरून बरंच कळतं. डावीकडे, पुढच्या सीटच्या खाली, स्वच्छ, बिनवासाचं पाणी असेल तर ते एसीचं, सोडून द्या. कूलंट बोटाला बुळबुळीत लागतं, वास गोडसर येतो. तोंडात घालून बघू नका, ते विषारी असतं. सांडलेलं लगेच पाण्याने धुऊन काढा. गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.

डाग नसला तरी होजच्या टोकांना, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकीच्या कडेला, पंपाच्या खाली वाळलेला पांढरट किंवा हिरवट थर शोधा. गळती बारीक असली की पाणी गरम भागावरच सुकून जातं आणि एवढीच खूण उरते. होज दाबून बघा: चिवट हवा. कडक, चिरलेला किंवा फुगलेला असेल तर बदला, आणि क्लिपही नवी घ्या. पावसाळ्यानंतर उंदरांनी कुरतडलेले होज आणि फॅनच्या वायरी हा आमच्याकडचा नेहमीचा प्रकार.

गाडीत गोड वास येतो, पुढच्या काचेवर आतून तेलकट धुकं बसतं, डाव्या पायाखालचा गालिचा ओला आहे? मग हीटरचा कोअर गळतोय. ‘थेंब नाही पण पाणी कमी’ याचं हे एक कारण. दुसरं कारण पुढे येईल, ते महाग आहे.

*कॅप.* दोन-चारशे रुपयांची वस्तू आणि माझ्या हिशेबात सगळ्यात दुर्लक्षित. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब, बारमध्ये. ०.९च्या कॅपने समुद्रसपाटीला साधं पाणीही शंभराऐवजी ११८-११९ अंशांपर्यंत उकळत नाही. आता उलट हिशेब करा. कॅप दाब धरत नाही आणि गाडी पाचगणीत आहे. तेवढ्या उंचीवर उघडं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळतं, आणि इंजिनाचं नेहमीचं तापमानच तेवढं! म्हणजे बाकी काहीही बिघडलेलं नसताना गाडी उकळणार. पुण्यात ठीक चालणारी गाडी इथे येऊन का तापते, याचं उत्तर पुष्कळदा या झाकणात असतं.

कॅपमध्ये दोन झडपा असतात. मोठी दाब वाढला की पाणी बाटलीत सोडते. मधली छोटी, इंजिन गार झालं की तेच पाणी बाटलीतून परत आत ओढू देते. छोटी अडकली की पाणी परत येत नाही: बाटली भरलेली, रेडिएटर रिकामा, आणि सकाळी वरचा होज चपटा पडलेला. रबर चिरलंय का, स्प्रिंगला दम आहे का, छोटी झडप नखाने उचलते का, बघा. शंका आली तर बदला. मात्र त्याच आकड्याची घ्या. ‘जास्त दाबाची बसवू’ म्हणाल तर जुना रेडिएटर फुटेल.

*फॅन.* इंजिन चालू, एसी चालू, पुढे उभे राहा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन फिरला पाहिजे. नसेल तर क्रम असा: फ्यूज, मग रिले (फॅनला वीज जोडणारा छोटा स्विच). शेजारी त्याच नंबरचा हॉर्नचा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. फॅन फिरला तर काम रिलेच्या किमतीत आटोपलं. मग कपलर, म्हणजे वायरींचा जोड: काळा पडलाय, वितळलाय का? शेवटी मोटरला थेट बॅटरीचा पुरवठा, पण वायरिंगचा हात असेल तरच आणि मध्ये फ्यूज टाकून. थेट दिल्यावर फिरली तर मोटर चांगली, दोष सेन्सर किंवा वायरिंगमध्ये. अडखळत फिरली किंवा टपली मारल्यावर फिरली तर कार्बन ब्रश संपलेत.

दोन वेगांचा फॅन असेल तर हळू वेगाचा रेझिस्टर जळतो आणि फॅन फक्त अगदी तापल्यावर एकदम जोरात सुरू होतो. ‘फॅन फिरतोय की’ म्हणून मग कोणी तिकडे बघत नाही. एक ताकीद: कित्येक गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो. बोटं, ओढणी, मफलर लांब ठेवा.

फॅन फिरतो एवढ्यावर समाधान मानू नका, हे सांगायला एक गाडी आठवते. निवृत्त शिक्षक, पुण्याहून पाचगणीला मुलीकडे निघालेले.

“सर, कधी गरम होते?”

“कधी म्हणजे? आत्ता होते की!”

“तसं नाही. खंबाटकी चढताना झाली?”

“नाही, तिथे रस्ता मोकळा होता. टोलला झाली, आणि आत्ता तुमच्या बाजारात.”

म्हणजे फॅन. बोनेट उघडलं तर फॅन मस्त फिरतोय. आधीच्या एका गॅरेजमध्ये मोटर बदललेली, नंतर रेडिएटरही नवा, थर्मोस्टॅटही नवा. मी वहीचा कागद घेतला आणि ग्रिलच्या आतून कंडेन्सरपुढे धरला. बरोबर फिरणारा फॅन वारा मागे खेचतो, कागद जाळीला चिकटून बसतो. हा कागद फडफडत माझ्याच अंगावर आला. मोटर बदलताना कपलरमधल्या दोन वायरी उलट जोडल्या होत्या. फॅन इंजिनाकडची गरम हवा रेडिएटरमधून पुढे ढकलत होता, म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत होता. वायरी बदलल्या, कागद चिकटला, सर वर गेले. नव्या रेडिएटरचे पैसे मात्र गेलेच. मोटर बदलून आणली असेल तर ही कागदाची परीक्षा न चुकता घ्या. आणि समोरून ठोकून दुरुस्त झालेल्या गाडीत फॅनभोवतीची प्लॅस्टिकची श्राऊड परत बसवली आहे का तेही बघा. ती नसेल तर फॅन आजूबाजूचीच हवा घुसळतो.

इंजिनावर बसलेला फॅन असणाऱ्या जुन्या डिझेल जीप-पिकअपमध्ये मधली व्हिस्कस कपलिंग तपासा. इंजिन *बंद* आणि तापलेलं असताना हाताने फॅन फिरवा. थोडा अडून फिरला पाहिजे. भिंगरीसारखा मोकळा फिरत राहिला तर आतलं सिलिकॉन तेल गेलंय.

*हवा काढणं.* कोणी नुकतंच कूलंट बदललं असेल आणि तेव्हापासून सुई झोके घेत असेल तर पुढचं काही खोलू नका, आधी हवा काढा. गाडीचं तोंड चढाकडे करून उभी करा, हीटर पूर्ण गरमवर. थंड इंजिनात झाकण उघडं ठेवून चालू करा, वरचा होज अधूनमधून दाबा, बुडबुडे येतील तसं कूलंट घाला. खालचा होज गरम झाला म्हणजे थर्मोस्टॅट उघडला. बुडबुडे थांबले, पातळी स्थिर झाली की झाकण लावा. काही गाड्यांना यासाठी वेगळा ब्लीड स्क्रू असतो, तो वापरा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी पुन्हा बघा. दाबाची टाकी असलेल्या गाड्यांत हेच काम पुस्तकात दिलेल्या पद्धतीने करा, काहींना व्हॅक्यूमचं यंत्र लागतं.

आता पाना हातात घ्यावा लागेल

*थर्मोस्टॅट.* इंजिन तापलंय, वरचा होज चटका देतोय आणि खालचा अगदी गार, तर एक तर थर्मोस्टॅट उघडत नाही, नाहीतर रेडिएटर बुजलाय. थर्मोस्टॅट तपासणं स्वस्त, म्हणून तो आधी. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. काढून दोऱ्याला बांधा, पातेल्यातल्या पाण्यात भांड्याला न टेकवता लटकवा आणि थर्मामीटर घालून तापवा. त्या आकड्याच्या आसपास उघडायला सुरुवात झाली पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. उकळत्या पाण्यात तसाच मख्ख असेल तर फेकून द्या. नवा बसवताना त्याच आकड्याचा, ओ-रिंग नवी, आणि कडेला छोटी पिन लोंबत असेल तर ती वरच्या बाजूला. हवा तिथूनच निघते.

आता एका जुन्या भांडणाचा विषय. “आपल्याकडे गरमी, थर्मोस्टॅट काढूनच टाका” असं सांगणारे मिस्त्री अजून आहेत. जुन्या, साध्या इंजिनांत तेवढ्यापुरतं निभावून गेलं असेल. आजच्या गाडीत थर्मोस्टॅट नसला की इंजिन हवं तेवढं तापतच नाही, संगणकाला वाटतं गाडी अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतो. त्याहून वाईट म्हणजे, पुष्कळ इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तोच नसेल तर ती वाट सताड उघडी राहते, आणि चढाला बरंच गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं. म्हणजे थंड करायला काढला आणि घाटात त्याच कारणाने तापली!

*रेडिएटर आतून.* गाडी तापलेली पण बंद, फॅनचा फ्यूज काढलेला, अशा वेळी रेडिएटरच्या जाळीवरून इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवला तर बुजलेल्या जागा आसपासपेक्षा एकदम गार लागतात. जुना पितळी-तांब्याचा रेडिएटर असेल तर रेडिएटरवाला टाकी उघडून नळ्यांत रॉड मारून साफ करतो, गळतीला डाग देतो (सोल्डर करतो). ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिकच्या टाकीचा असेल तर फ्लश करून बघा, नाही जमलं तर नवा. ॲसिडने धुऊन घेऊ नका, ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची ट्रकवाल्यांची युक्ती सगळ्यांना माहीत आहे. बाटलीतून मिळणारी गळतीबंद औषधं त्याच जातीची. रात्री घाटात अडकलात तर करा आणि घरी पोचा. पण ती पूड फक्त भोकात बसत नाही, हीटरच्या आणि रेडिएटरच्या नळ्यांतही बसते. घरी पोचल्यावर सगळं धुऊन काढा. गिऱ्हाईक हळदीचं सांगत नाही आणि आम्ही पिवळा गाळ बघून ओळखतो.

*वॉटर पंप.* पंपाच्या अंगाला एक छोटं छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. ते छिद्र बुजवू नका, तो इशारा आहे. पुली हाताने हलवून बघा, खेळ असेल किंवा घरघर येत असेल तर पंप गेला. बाहेरच्या बेल्टवर चालणारा पंप हात बसलेला माणूस घरी बदलू शकतो. टायमिंग बेल्टवर चालत असेल तर हात लावू नका. बेल्ट एक दात चुकला तरी बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तो गॅरेजमध्ये, आणि बेल्ट-टेन्शनर त्याच वेळी बदलून घ्या, मजुरी एकदाच लागते.

इथे थांबा

खालीलपैकी काही दिसलं तर घरचे प्रयोग बंद करा आणि गाडी टो करून न्या, चालवत नेऊ नका.

थंड गाडी चालू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा कडक. इंजिन तापायच्या आधी दाब कुठून आला? सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतोय. रेडिएटरमध्ये हवा काढून झाल्यावरही अखंड बुडबुडे. गरम इंजिनातूनही न थांबणारा पांढरा, गोडसर वासाचा धूर. डिपस्टिकवर दुधाळ तेल. फक्त ऑइलच्या झाकणाखाली थोडी साय दिसली तर घाबरू नका, पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटर चालणाऱ्या गाडीत दमटपणानेही ती धरते. डिपस्टिक दुधाळ असेल तर मात्र प्रश्नच नाही. ‘थेंब नाही पण पाणी कमी’ याचं महागडं कारण हेच, हेड गॅस्केट.

गॅरेजमध्ये लगेच हेड उतरवायला होकार देऊ नका. आधी ब्लॉक टेस्ट करा म्हणावं: रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरतात, ज्वलनाचा गॅस असेल तर द्रव पिवळा होतो. सोबत कॉम्प्रेशन टेस्ट. दोन्ही तासाभराची कामं. हेड उतरवलंच तर ते सपाट आहे का हे पट्टी आणि फीलर गेजने तुमच्यासमोर मोजायला सांगा. वाकलं असेल तर लेथवाल्याकडे फेसिंग (घासून सपाट करणं) आणि तडा तपासणी केल्याशिवाय नवं गॅस्केट बसवू देऊ नका. हेडचे बोल्ट ताणले जाणारे असतील तर तेही नवे. आणि मुळात गाडी तापली कशाने, ते कारण सापडल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका. गॅस्केट फुटलं ते बहुधा कॅपमुळे, फॅनमुळे किंवा पंपामुळे. ते तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही जाईल.

वॉरंटीतल्या गाडीत कॅप आणि पातळी बघण्यापलीकडे काही खोलू नका. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरी थंड करण्याची वेगळी वाट असते; नारिंगी वायर दिसली की मागे या.

दगड लागून रेडिएटर फुटला आणि तशीच गाडी दामटली, तर रेडिएटरचे पैसे विमा देतो, पण पुढे जाम झालेल्या इंजिनाचे साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाहीत. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर १०३३ लावा. गाडी नेणाऱ्याला आणि मिस्त्रीला एकच गोष्ट नीट सांगा: सुई कधी चढली, तेव्हा वेग किती होता, एसी चालू होता का, आणि हीटरमधून गरम हवा येत होती की गार.